सणसरला बेडकांची वकिली

परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, "काय, किती बेडूक धरलेत?" मी एक ठरलेला विनोद करतो, समोरचा हसतो आणि विषय संपतो. तो विनोद आता मला पाठ झालाय आणि त्याची शिसारीही आलीय. म्हणून जे घडलं ते एकदा लिहूनच काढतो. ज्यांना सणसर कुठं आहे हे ठाऊक नाही त्यांनी खुशाल वाचावं. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कृपा करून वाचू नये.

बारामतीहून इंदापूरच्या अंगाला निघालं की वाटेत हे गाव लागतं. वरून कालवा जातो. गावात त्याला पाट म्हणतात. पाटाच्या खाली ऊस, वर माळ. एका बाजूला डोळ्यांत मावणार नाही इतकं हिरवं, आणि दुसऱ्या बाजूला शेळीनंही विचार करून तोंड घालावं असं कुसळ. मधे फक्त पाणी वाहतं, एवढाच फरक.

आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांची कल्पना अशी, की एकच जागा धरायची आणि दरवर्षी ज्येष्ठात तिथं विद्यार्थ्यांची तुकडी न्यायची. बेडूक धरायचे, सोनाराच्या तराजूत तोलायचे, कमरेला रंगीत दोरा बांधून सोडून द्यायचे. पुढच्या वर्षी त्यातले कोण भेटतात, कुठं भेटतात, किती वाढले, हे पाहायचं. एका वर्षात बेडूक काही सांगत नाही. दहा वर्षं त्याच्या दारी गेलं तर थोडं बोलतो, असं सर म्हणत. आणि तो बोलला, तरच त्याला राखायचं कसं हे आपल्याला कळणार.

यंदा तिसरं वर्ष. सरांचा पाय मुरगळला, म्हणून तुकडीचं पुढारपण माझ्याकडं आलं. खरं तर ते गोडबोलेकडं जायला हवं होतं. तो दोन्ही वर्षं आलेला, काटेकोर, बेडकाला हात लावण्याआधी स्वतःचे हात धुणारा. मी पहिल्यांदाच जात होतो. पण सर म्हणाले, "गोडबोलेला बेडूक कळतात. तुला बोलता येतं. गावात बोलणारा माणूस लागतो." मी फुललो. बरोबर दोन नवी मुलं होती. त्यांना अजून बेडूक हातात धरवत नव्हता, पण माझ्यावर त्यांचा फार विश्वास होता. अजाण वयात असं होतं.

सणसर

एसटीतून उतरलो तर रस्त्याच्या कडेला तात्या उभे. दोन वर्षं आमच्या तुकडीचा मुक्काम त्यांच्याच घरी. उंच, वाळलेले, मोठं पागोटं. त्यांनी आमच्या चौघांच्या वळकट्यांपैकी दोन स्वतःच उचलल्या, आणि आम्ही "अहो तात्या, अहो तात्या" करत मोकळ्या हातांनी मागून चाललो.

घर पाटाच्या खालच्या अंगाला. अंगणात पाय धुवायला पाणी, मग गूळ, मग पुन्हा पाणी, आणि बूड टेकतंय तोच ताटं. आमच्या पुण्यात वाढणारी "भात घेणार का?" असं विचारते आणि आपण "नको" म्हटलं की ते खरं मानते. इथं "नको" हा शब्द कुणाला ऐकूच जात नाही. तात्यांच्या सूनबाई, हौसाबाई, भाकरी टाकत आणि मान वळवून निघून जात. बाजरीची भाकरी, ठेचा आणि हुलग्याचं माडगं. माडगं म्हणजे पेज असावी अशा समजुतीनं मी ते एका दमात प्यायलो. त्यातल्या मिरचीनं माझ्या डोळ्यांतून, नाकातून आणि कानांतूनही वाट काढली. हौसाबाई दाराआडून म्हणाल्या, "मामंजी, ह्ये नवं पाव्हणं लई मायाळू दिसत्यात. जेवताना रडाय लागलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठून मागं गेलो. समोरचं रान पांढरंशुभ्र. नांगरलेल्या ढेकळांच्या कडा चमकत होत्या, त्यावर कोवळं ऊन पडलेलं. मी पुण्याचा, त्यात थोडा कवी. तात्या गोठ्यातून येत होते. मी म्हणालो, "वा तात्या! काय देखावा आहे! रानावर चांदणं सांडल्यासारखं वाटतंय."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग रानाकडं पाहिलं.

"चाखून बघा," ते म्हणाले.

मी शास्त्राचा विद्यार्थी. चिमूटभर उचलून जिभेवर ठेवलं. खारट, कडवट, तुरट. थुंकायचं कुठं हेही कळेना.

"मीठ हाय त्ये," तात्या म्हणाले. "पाटाचं पाणी पाझरतं. खालून वर येतं. ऊन पडलं का पाणी उडून जातं आन् मीठ ऱ्हातं. मंग बाजरी उगवत न्हाय, काय न्हाय. हितं शाळू व्हायचा, पुरुषभर. आता निम्मं रान चोपण झालंय. औंदाच्या साली विहिरीपत्तुर आलंय."

आणि त्या पांढऱ्या रानाच्या खोलगट टोकाला आमची पाणथळ होती. पाझरलेलं पाणी तिथं बारमाही साचतं. लव्हाळं, पाणकणसं, कडेला शेवाळ, आणि बेडूक. काय बेडूक होते! पावसाचा पत्ता नाही, आसपासचा माळ भाजून निघालेला, आणि या एवढ्याशा जागेत शेकड्यांनी जीव नांदत होते. पाऊल टाकलं की चारी दिशांना डुबुक डुबुक. गोडबोलेनं अर्ध्या तासात पहिल्या वर्षीच्या निळ्या दोऱ्याचा एक ढब्बू बेडूक धरला आणि आनंदानं त्याचा चष्मा चिखलात पडला. तो बेडूक दोन उन्हाळे काढून त्याच कोपऱ्यात, त्याच दगडाआड बसला होता. खरं सांगतो, मलाही अंगावर काटा आला. थट्टा करायची सवय असलेल्या माणसालाही कधी कधी गप्प बसावंसं वाटतं.

मी गप्प बसलो, कारण माझे गमबूट चिखलात रुतले होते. पाय वर आले, बूट खालीच राहिले, आणि मी आडवा झालो. पाटावरून जाणाऱ्या बायका थांबल्या.

"अगं बया, ह्यो कसला बेडूक म्हणायचा?"

"पुण्याचा हाय त्यो. वराडतोय बघ कसा!"

दुपारी आम्ही भैरोबाच्या पारावर टेकलो. तिथं बाबूराव म्हणून एक ऊसवाले बसलेले. नवा सहकारी कारखाना निघायचा होता, आणि त्यांच्या बोलण्यात सभासद हा शब्द दर वाक्यात येई. त्यांनी विचारलं, "बेडकाच्या कंबरंला दोरा बांधता म्हणं? मुंजी लावल्यात का काय?"

मी लगेच व्याख्यान सुरू केलं. बेडूक शेतकऱ्याचा मित्र, तो कीड खातो, त्याला जपलं पाहिजे, वगैरे. लोक ऐकत होते. मी रंगात आलो.

बाबूरावांनी शांतपणे पानाची चंची उघडली. "इतका कामाचा गडी हाय, तर त्यालाच करू की कारखान्याचा सभासद. ऊस न्हाय त्याच्याकडं, पण रान हाय. तात्याचं निम्मं त्याच्याच नावावर झालंय."

पार हसला. तात्याही हसले. मीही हसलो, आणि नंतर वाटलं, हसायला नको होतं.

संध्याकाळी तात्यांनी मला बाजूला घेतलं. पाणथळीतलं पाणी हलवायला एक चर खणायचा होता, त्यांच्या रानातून ओढ्यापर्यंत. पाणी हललं की दोन पावसाळ्यांत रानातलं मीठ धुऊन जातं, हे त्यांनी दुसऱ्या गावी पाहिलं होतं. खणायला माणसं तयार होती. पण चर पाटाकडच्या सरकारी पट्टीतून न्यायचा, म्हणून कालव्याच्या साहेबाची परवानगी हवी. परवानगीवाचून कुदळ मारली तर पाण्याची पाळी बंद. मग उरलेलं रानही गेलं.

"मग मागितली नाही परवानगी?"

"तुमचं सर पयल्या साली म्हणलं, तात्या, एक साल थांबा, आमचं मोजमाप हुं द्या, मंग मीच सायबाला सांगून तुमचं काम करून देतो. थांबलो. दुसऱ्या सालीबी थांबलो. म्या बी खेटं घातलं, तर सायब म्हणतो, बघू. आमचं काय ऐकत्यात? तुमी इंग्रजी शिकल्यालं. तुमचं ऐकत्याल. तुमाला बोलाया येतं."

म्हणजे सरांच्या आणि तात्यांच्या मते माझा गुण एकच होता. मी म्हणालो, "तात्या, उद्याच जाऊ बारामतीला. परवानगी घेतल्याशिवाय उठत नाही."

गोडबोलेला सांगितलं. तो बराच वेळ दोरे सरळ करत बसला. मग म्हणाला, "चर झाला तर पाणथळ जाईल."

"हो."

"मग दहा वर्षांचं काम तिसऱ्या वर्षी संपलं."

"माणसाचं रान चाललंय, गोडबोले."

"मी कुठं नाही म्हटलं?" तो म्हणाला. "फक्त सांगितलं."

बारामती

तात्यांनी ठेवणीतला कोट घातला होता. सबंध वाटेत ते मला पढवत होते, साहेबाला काय सांगायचं. आधी विहिरीचं सांगा. मग शाळूचं सांगा. मग म्हणा, सरकारचा पैसा नको, आम्हीच खणतो. मी मान डोलावत होतो. मनात म्हणत होतो, तात्या, हे असं रडकं सांगून सरकारी माणूस पाघळत नसतो. त्याला आधी खुलवावं लागतं.

कचेरीच्या व्हरांड्यात तात्यांनी वहाणा काढल्या. मी बुटांसकट आत निघालो. चपराशानं मला अडवलं नाही, तात्यांना अडवलं. तात्या म्हणाले, "जावा तुमी. तवर मी बाजारातलं एक काम उरकतो."

कालव्याचे साहेब गोल चेहऱ्याचे, थकलेले गृहस्थ होते. मी नाव सांगताच त्यांचा चेहरा उजळला. "तुम्हीच का ते बेडूकवाले? बसा, बसा!" चहा मागवला. बिस्किटं मागवली. बारामतीला बदली होऊन आल्यापासून त्यांच्याशी पाळी, फुटलेली चारी आणि चोरलेलं पाणी यांखेरीज कुणी काही बोललंच नसावं.

मी ठरवलं, प्रस्तावना म्हणून थोडं बेडकांचं सांगू. मग ओघात तात्यांचा विषय काढू.

मी निळ्या दोऱ्याच्या बेडकाची गोष्ट सांगितली. भाजलेला माळ सांगितला. दोन उन्हाळे, तोच कोपरा, तोच दगड. गोडबोलेचा चष्मा सांगितला, माझे बूट सांगितले, पाटावरच्या बायका सांगितल्या. साहेब पोट धरून हसले. दुसऱ्या खोलीतले कारकून दारात येऊन उभे राहिले. श्रोते वाढले की मला आवरत नाही. मी बेडकाच्या आवाजाची नक्कल केली. मी म्हणालो, "साहेब, आठ-दहा कोसांत असं दुसरं ठिकाण नसेल. ही जागा म्हणजे चमत्कार आहे."

साहेब एकदम गंभीर झाले. खुर्चीत पुढं सरकले.

"आणि हे सगळं आमच्या कालव्याच्या पाझरामुळं?"

"अर्थात!" मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला सांगतो, मी इथं आल्यापासून पाझर म्हटलं की शिव्याच खातोय. जमिनी नासवल्या, विहिरी नासवल्या. आज पहिल्यांदा कुणीतरी येऊन म्हणतंय, की यातून काही चांगलं निपजलं. विद्यापीठाचा माणूस म्हणतोय!" त्यांनी हेडक्लार्कला हाक मारली. "सणसरच्या त्या चराच्या परवानगीचं काय आहे? ती नामंजूर करा. संशोधन चालू आहे तोवर त्या जागेला कुणी हात लावायचा नाही. आत्ताच टाइप करा, मी सही करतो."

त्या क्षणी माझ्या तोंडात बिस्किट होतं. कोरडं. ते गिळेपर्यंत टाइपरायटर सुरू झाला होता.

"पण साहेब," मी म्हणालो, "ते शेतकरी... त्यांचं रान... मी मुळात त्यासाठीच..."

"त्यांचं ठीक आहे हो, ते सांगतच असतात," साहेब मायेनं म्हणाले. "तुम्ही काळजी करू नका. मागं तुमचे सर इथंच बसून हेच म्हणाले होते, की चर होऊ देऊ नका. तेव्हा मला एवढं पटलं नव्हतं. तुम्ही फार रंगवून सांगता."

मग मी विहिरीचं सांगितलं, शाळूचं सांगितलं, सरकारचा पैसा नको हेही सांगितलं. तात्यांनी पढवलेलं एकही वाक्य सोडलं नाही. पण ते मला रंगवता येईना. साहेब मान हलवत होते, आणि त्यांचे डोळे अजून त्या बेडकातच होते. "तुमचा स्वभाव चांगला आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

बाहेर आलो. तात्या भिंतीला टेकून बसले होते. पायाशी दोन नवी कोरी घमेली आणि टिकावाचा नवा दांडा. बाजारातलं काम ते हे. मला पाहून ते उठले.

"झालं न्हवं? लई हसणं ऐकू येत व्हतं आतनं. म्हणलं, काम झालं."

मी सांगितलं. लपवायचं धैर्यही माझ्यात नव्हतं. साहेबांनी परवानगी नाकारली, आणि ती माझ्या बोलण्यानं नाकारली, असं सरळ सांगितलं. सर आधी येऊन काय म्हणाले होते, तेही सांगितलं.

तात्यांनी दांडा हातात घेऊन त्याचा पीळ पाहिला, जसा विकत घेताना पाहतात तसा. मग म्हणाले, "येवढा येळ काय बोलत व्हता मंग?"

"बेडकांचं."

"आन् माज्या रानाचं?"

"शेवटी सांगितलं."

"शेवटी," तात्या म्हणाले. एवढंच. मग वहाणा घातल्या. एसटीत ते घमेली मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टर म्हणाला, "आबा, खाली ठेवा की." त्यांनी ठेवली नाहीत.

पुन्हा सणसर

मी सरांना तार केली, की चर झालाच पाहिजे, साहेबांना तसं ताबडतोब कळवा. शब्द वाचवले नाहीत. सरांचं उत्तर आलं. आदेशाची बातमी त्यांना साहेबांकडूनच आधी पोचली होती. माझं अभिनंदन केलेलं होतं, आणि मोजणी पुरी करूनच परत यावं असं बजावलेलं होतं. आयुष्यात माझं कुणी तारेनं अभिनंदन करण्याची ही पहिलीच वेळ.

सर वाईट नाहीत. हे मी रागानं लिहीत असलो तरी लिहितो. ते त्या जागेतला एकेक बेडूक ओळखतात. पण मुंगीच्या पायांची संख्या सांगणाऱ्या माणसाला, दोन वर्षं ज्याच्या घरी भाकरी खाल्ली त्याला काय शब्द दिला होता, हे आठवू नये?

आम्ही मोजणी पुरी केली. दुसरं काय करणार होतो? सकाळी पाणथळीत उतरायचं, दोरे बांधायचे, तोलायचे, सोडायचे. हौसाबाईंनी एक नवं घमेलं आणून काठावर आदळलं. "घ्या. बेडकं ठिवाय बरं पडंल." गोडबोलेनं ते घेतलं, कारण त्याला ते खरोखरच सोयीचं वाटलं. यंदाचा दोरा तांबडा. शेवटच्या दिवशी नव्या मुलांपैकी एकानं स्वतःच्या हातानं बेडूक धरला आणि आनंदानं ओरडला. पलीकडं तात्या बैल घेऊन चालले होते. ओरडणं ऐकून त्यांनी वळून पाहिलं, आणि बैल पुढं हाकले.

बाबूराव पारावर भेटले. मला वाटलं आता हा माणूस सोलणार. पण ते म्हणाले, "चहा घ्या." त्या दिवशी त्यांनी एकही टोमणा मारला नाही. माझ्या मते सबंध प्रवासात झालेला माझा सगळ्यांत मोठा अपमान तो.

वाढणं मात्र तसंच राहिलं. "नको" म्हटलेलं अजूनही कुणाला ऐकू येत नव्हतं. भाकरी ताटात पडायची. मी खाली मान घालून खायचो. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी आता दाराआडून कुणी काही म्हणत नसे.

निघताना तात्या रस्त्यापर्यंत आले. वळकट्या उचलायला त्यांनी हात पुढं केला, पण या खेपेला आम्ही त्या घट्ट धरल्या होत्या. एसटी लांब दिसू लागली. मला काहीतरी बोलायचं होतं. मला बोलता येतं, अशी ख्याती आहे. मी म्हणालो, "तात्या, पुढच्या वर्षी..." आणि पुढचं सुचेना.

"या की," तात्या म्हणाले. "सरकारनंच राखून ठिवलीया तुमची जागा. या." धूळ उडाली, एसटी थांबली. ते सहज, छत्री आणा म्हणून सांगावं तसं म्हणाले, "फकस्त येताना पीठ संगं आणा. औंदाची बाजरी व्हील तेवढी व्हील. पुढल्या साली घरात नसंल."

मी "बरं" म्हणालो.

गाडी सुटली. सणसर मागं पडलं. मग गोडबोले म्हणाला, "पुढच्या वर्षी सर आठ जणांची तुकडी न्यायची म्हणतायत."

मी वळकटी मांडीवर ओढून घेतली.

"आठ जणांना," त्यानं विचारलं, "पीठ किती लागेल रे?"

तो थट्टा करत नव्हता.